ताटाची डावी बाजू

‘छान होतं’ म्हणून माणूस उठतो आणि त्याच्या वाडग्यात निम्म्या शेवया तशाच पडलेल्या असतात. दुसरा तोंड वाकडं करून ‘ना तिखट, ना मसाला’ म्हणतो आणि वाडगा तोंडाला लावून सगळा रस्सा संपवतो. भाटघर धरणाच्या पाण्याकडेला एक छोटं रेस्टॉरंट आहे, तिथं मी वाढायचं काम करते. ऑर्डर घेणं, ताटं नेणं-आणणं हे पगाराचं काम. टेबलावर जे बोललं जातं आणि ताटात जे उरतं, ते दोन्ही स्वयंपाकघरापर्यंत पोचवायचं काम मला कुणी नेमून दिलं नव्हतं. ते मी आपणहून घेतलं, आणि आता माझा जीव त्यातच आहे.

आमच्याकडे व्हिएतनामी वळणाचं जेवण मिळतं. वळणाचं म्हणते, कारण मालकीण मॅडमनी मेनूकार्डावरच स्पष्ट लिहिलंय की पद्धत तिकडची आणि माल इकडचा. त्या पुण्याच्या. यजमानांच्या नोकरीपायी काही वर्षं हो ची मिन्ह सिटीत राहिल्या, तिथल्या शेजारणींच्या हाताखाली रांधायला शिकल्या आणि परत आल्यावर शहरात गाळा घेण्याऐवजी इकडे आल्या. माझं माहेर वेल्ह्याकडचं, तोरण्याच्या पायथ्याचं; सासर भोर तालुक्यातलं. वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, तरी माहेरी निघाले की माझ्या तोंडी वेल्हेच येतं. दोन्हीकडे भाताची खाचरं, दोन्हीकडे मृगापासून दिवाळीपर्यंत पाय चिखलात. स्वयंपाकघरातल्या बाकीच्या बायकाही आसपासच्या वाड्यांवरच्याच. त्यामुळे जेवणाऱ्याचं मत आत नेलं की त्यावर आतून दुसरं मत येतं, आणि बऱ्याचदा ते पहिल्यापेक्षा नेमकं असतं.

येणारी माणसं नाना तऱ्हेची. शनिवार-रविवारी पुण्याच्या गाड्या. राजगड चढून भुतोंड्याच्या बाजूनं उतरलेली, भुकेनं कासावीस झालेली ट्रेकर पोरं. रायरेश्वर करून आलेली कुटुंबं. भोरच्या राजवाड्यावर शूटिंग असलं तर त्या युनिटमधली मंडळी. आणि मधल्या वारी आपली इथलीच माणसं: शिक्षक, ग्रामसेवक, ठेकेदार, नवं लग्न झालेली जोडपी, नातवानं आग्रह करून आणलेले आजी-आजोबा.

सगळ्यात जास्त मतं ऐकली ती फोबद्दल. हाडं, विस्तवावर भाजलेला कांदा आणि आलं, चक्रीफूल, दालचिनी, लवंग, मसाला वेलची हे सगळं मंद आचेवर तासन् तास उकळायचं, गाळायचं, वरची चरबी काढायची. रस्सा नितळ दिसला पाहिजे. मग वाडग्यात तांदळाच्या शेवया, वर मांसाचे पातळ काप, आणि त्यावर हा कढत रस्सा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, फ्रेंचांच्या राज्यात, हनोई आणि नाम दिन्हच्या परिसरात हा पदार्थ उभा राहिला. तिथं तो मुख्यतः गोमांसाचा, पण कोंबडीचाही तितकाच रुजलेला. आम्ही गावठी कोंबडीचा करतो. मसाले बघितले तर आपल्या काळ्या मसाल्यातलेच निम्मे. फक्त ते वाटून रश्शात मिसळत नाहीत. त्यांचा वास घेतात आणि त्यांना बाजूला काढतात.

आणि तेच लोकांना खटकायचं. ‘पाणी आहे नुसतं.’ ‘तर्री कुठंय, ताई?’ ‘मसाला घालायचा राहिला का?’ सुरुवातीला अशी मतं आत नेली की मॅडमचा चेहरा उतरायचा. मग एका मधल्या वारी वेळवंड खोऱ्यातले एक बाबा नातवाबरोबर आले. धोतर, पांढरी टोपी, बोलणं कमी. त्यांनी चमचा बाजूला ठेवला, वाडगा दोन्ही हातांनी उचलला, घोट घेतला आणि नातवाला म्हणाले, ‘आरं, ही तं आळणी हाय. चांगली उतरलीया.’

आमच्याकडे मटण करताना आधी ते मीठ, हळद, आलं-लसूण लावून शिजवतात. त्या पाण्याला अजून कांदा-खोबऱ्याचं वाटण लागलेलं नसतं. ते आळणी पाणी वाटीत काढून आधी पोरांना देतात, बाळंतिणीला देतात, तापातून उठलेल्याला देतात. ज्यानं ते पिऊन वाढ घेतली त्याला नितळ रस्सा म्हणजे पाणी वाटत नाही. हाडाचा कस उतरलाय की नाही हे त्याची जीभ लगेच सांगते. बाबांनी ‘उतरलीया’ म्हटलं तो एक शब्द मी आत जाऊन सांगितला, आणि चुलीपाशी उभ्या असलेल्या मावशी नुसत्या ‘मग!’ एवढंच म्हणाल्या. रात्री उठून विस्तव कमी-जास्त करणारी तीच बाई होती.

ट्रेकर पोरं मात्र अजूनही तर्री मागतात. त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही. दिवसभर चढ-उतार केलेल्या अंगाला झणझणीत हवं असतं.

पण ‘तर्री’ मागणाऱ्याचं निदान कळत होतं. अवघड जायचं ते ‘काहीतरी कमी आहे’ म्हणणाऱ्याचं. काय कमी आहे विचारलं की सांगता यायचं नाही. आणि त्याच टेबलावर, वाडग्याशेजारी ठेवलेली ताटली जशीच्या तशी परत यायची: लिंबाच्या फोडी, मोड आलेले मूग, पुदिना, कोथिंबीर, सब्जाची पानं, मिरचीचे काप. लोक त्याला सजावट समजत होते. मॅडम म्हणाल्या, तिकडे दक्षिणेत वाडगा मुद्दाम अर्धा तयार असतो. लिंबू किती, मिरची किती, कोणती पानं आणि कधी खुडून टाकायची, हे जेवणाऱ्यानं ठरवायचं. उत्तरेत, हनोईकडे, पानांचा एवढा पसारा नसतो, पण लिंबू-मिरची तिथंही हाताशी असतेच.

हे ऐकल्यावर मी विचार केला, की हे आपल्याला नवं कुठंय? पुढच्या रविवारी सदाशिव पेठेतल्या एक काकू होत्या, नऊवारी नव्हे पण शिस्त त्याच काळातली. त्या म्हणाल्या, ‘बरं आहे, पण काहीतरी राहिलंय गं.’ मी ती ताटली त्यांच्या वाडग्याच्या डावीकडे सरकवली आणि म्हटलं, ‘काकू, ही ताटाची डावी बाजू समजा.’ पुढं काही सांगावं लागलं नाही. त्यांनी लिंबू पिळलं, मिरचीचे दोनच काप टाकले, पुदिना खुडला, चव घेतली, पुन्हा थोडं लिंबू. आणि मग शेजारी बसलेल्या यजमानांच्या वाडग्यात त्यांना न विचारता मीठ घातलं, कारण त्यांना किती लागतं हे काकूंना ठाऊक होतं.

आपल्या पंगतीत मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं डावीकडे असतं ते उगाच नाही. उजवीकडचं रांधणाऱ्याचं, डावीकडचं जेवणाऱ्याचं. आमटी सगळ्यांना एकच, पण कोण तीत लिंबू पिळणार, कोण घासाघासाला ठेचा लावणार, हे ज्याचं त्याच्या हातात. म्हणजे जेवणाऱ्याचं मत जेवण संपल्यावर विचारायची गोष्टच नाही. ते जेवताना त्याच्या बोटांतून चालूच असतं. तेव्हापासून शेवटी ‘कसं होतं?’ विचारायचं मी जवळपास सोडलं. त्या वेळी माणूस भिडेनं ‘छान’च म्हणतो. मी दुसऱ्या-तिसऱ्या घासाला टेबलाच्या आसपास असते आणि हात कुठं जातो ते बघते. सगळ्यांचे हात मिठाकडे गेले की आत जाऊन सांगायचं, आज रस्सा फिका आहे. सगळ्यांनी लिंबू टाळलं की लिंबं कडू निघाली आहेत. सब्जाची पानं उरतात आणि पुदिना संपतो, हे रोजचंच; म्हणून आता पुदिना दुप्पट ठेवतो.

एका बाबतीत मी हट्टी आहे. शेजवान सॉस मागणारी टेबलं असतात आणि मी देत नाही. तो सॉस आला की वाडग्यात दुसऱ्या कशाचीच चव उरत नाही. त्याऐवजी हिरव्या मिरचीचा, लसूण घातलेला ठेचा ठेवते. व्हिएतनाममध्येही टेबलावर ताजी मिरची आणि लसूण मुरवलेलं व्हिनेगर असतंच, तेव्हा ठेच्यानं कुणाचा अपमान होत नाही.

पानांवरून झालेला एक संवाद मला फार जवळचा आहे. वारीला जाणारे एक माळकरी काका जेवायला बसले होते. ताटलीतलं पान त्यांनी हुंगलं आणि हात मागे घेतला. ‘ही तुळस जेवणात घालता?’ आवाजात राग नव्हता, दुखावल्यासारखं होतं. मी सांगितलं की ही देवाची तुळस नाही, सब्जा आहे, ज्याचं बी आपण उन्हाळ्यात सरबतात घालतो. त्यांनी पुन्हा हुंगलं, बडीशेपेसारखा वास त्यांना लागला, आणि मगच पान तोडलं. पण लगेच पुढचा प्रश्न: ‘भांडी वेगळी आहेत का?’ आणि ते उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले. माळकऱ्यांची कढई, सुरी, फळी वेगळ्या कप्प्यात असतात. मासळीच्या सॉसऐवजी सोया सॉस, अननस आणि मिठाचं पाणी असतं. ते त्यांनी डोळ्यांनी बघितलं. चवीबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. माझ्या लेखी तो आम्हाला मिळालेल्या सर्वांत मोलाच्या अभिप्रायांपैकी एक. व्हिएतनाममधले बौद्ध लोकही चांद्रमासाच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला शाकाहार पाळतात, त्यासाठी तिकडेही वेगळा रांधा असतो. आमच्याकडे एकादशी, सोमवार, गुरुवार, मग अख्खा श्रावण. आखाडात कोंबड्या पुरत नाहीत आणि श्रावण लागला की मशरूम आणि टोफू पुरत नाहीत.

मासळीचा सॉस म्हणजे मांदेलीच्या जातीचे छोटे मासे आणि मीठ, साधारण तिनास एक, मोठ्या लाकडी पिंपांत वर्षभर मुरवून गाळलेलं पाणी. फू क्वॉक बेटावरचा त्यात नावाजलेला. बाटली उघडली की पुण्याची काही माणसं नाक झाकतात. इथल्या बायकांचं मत वेगळं. त्यांनी बाटली हुंगून सरळ सांगितलं, ‘सुकटीचं पाणी हाय.’ वरंधा घाटातून महाडकडचं मीठ आणि सुकी मासळी पिढ्यान् पिढ्या भोरच्या बाजारात चढत आली. वेल्ह्याकडे मढे घाटानं आणि उपांड्या घाटानं. माझी आजी पावसाळ्यात चार दिवस ऊन नाही, भाजी नाही अशा वेळी निखाऱ्यावर सुकट परतायची, आणि तो वास आला की आम्ही पोरं चुलीपाशी गोळा व्हायचो. तोच वास एकाला नकोसा आणि दुसऱ्याला जेवायला बसवणारा. नाक कुठं वाढलं यावर सगळं आहे. म्हणून सॉस आम्ही बाटलीतून टेबलावर देत नाही. पाणी, लिंबू, साखर, लसूण, मिरची घालून पातळ करूनच देतो, तिकडेही बुडवून खायला तसाच करतात.

शेपूचं उदाहरण उलटं. हनोईत हळद लावलेला मासा तव्यावर तळताना त्यात मूठ-मूठ शेपू आणि कांद्याची पात घालतात, वर शेंगदाणे. आम्ही धरणातल्या मरळीचा करतो. शेपू म्हटलं की मराठी घरात दोन तट पडतातच. मुगाची डाळ घातलेली शेपू ज्यांना लहानपणी बळजबरीनं खावी लागली ते नाव ऐकूनच नको म्हणतात. पण ज्यांनी नाव न वाचता खाल्लं, त्यांच्या ताटल्या चाटूनपुसून आल्या. ‘कोणती भाजी आहे ही?’ विचारतात. मी सांगते, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघायला मला आवडतं.

कॉफीबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. ती सगळ्यांना आवडते. कडक रोबस्टा थेंबाथेंबानं गाळलेली, खाली घट्ट गोड दूध. तक्रार एकच, की थेंब पडायला वेळ फार लागतो. बान्ह मी नावाचं पावाचं सँडविच पावसाळ्यात आम्ही बंदच ठेवतो, कारण इथल्या दमट हवेत पावाचं कवच तासाभरात मऊ पडतं.

राजगड उतरून आलेल्या टेबलावर हमखास एक गोष्ट निघते, की व्हिएतनामनं अमेरिकेला हरवलं ते शिवाजी महाराजांचा गनिमी कावा अभ्यासून. मला विचारतात, ‘ताई, खरं ना?’ या गोष्टीला लेखी आधार कुणी दाखवलेला नाही, हे मी तसंच सांगते. ज्या गडावर महाराजांची पंचवीसेक वर्षं राजधानी होती तो समोर उभा आहे. त्यांच्या मोठेपणाला अशा गोष्टीचा टेकू लागत नाही.

गेल्या काही वर्षांत मुंबईहून व्हिएतनामला थेट विमानं सुरू झाली, तशी तिकडे फिरून आलेली मराठी माणसं आमच्याकडे वाढली. त्यातली बरीच जण पहिल्या घासाला सांगतात, ‘हे तिथल्यासारखं नाही.’ नाहीच ते. पाणी वेगळं, कोंबडी वेगळी, पानं वेगळी. पण त्याच वेळी एक गृहस्थ आले होते, कंपनीच्या कामासाठी अनेक वर्षं हनोईत राहिलेले. त्यांनी तुलना केली नाही. त्यांनी सांगितलं की शेवया तुम्ही आधी उकळून ठेवता, त्या गार होतात आणि रश्शाची ऊब खाऊन टाकतात; वाडग्यात घालण्याआधी त्या पुन्हा गरम पाण्यात बुडवून काढा. दुसऱ्या दिवसापासून तसंच करतो. मत देणाऱ्यानं वस्तूचं नाव घेतलं की रांधणारीला हात चालवता येतो. ‘तिथल्यासारखं नाही’ या वाक्यानं कुठलीच कढई हलत नाही.

मला सर्वांत जास्त अंतर्मुख केलं ते कण्यांच्या ताटानं. सायगाव म्हणजे हो ची मिन्ह सिटीकडे गिरणीतून निघालेल्या तुकडा तांदळाचा भात करतात, वर भाजलेलं मांस, अंडं, मुळा-गाजराचं लोणचं. एकेकाळी तो गरिबाचा भात होता, आता सगळं शहर तो चवीनं खातं. आम्ही इंद्रायणीच्या कण्या वापरतो, वर गवती चहा ठेचून लावलेली भाजलेली कोंबडी. गवती चहा इथं प्रत्येक दारात असतो, पण कोंबडीला लागेल असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. तो भाग सगळ्यांना आवडला. पुण्याच्या मंडळींना भातही फार आवडतो, मऊ आणि वासाचा. एका ठेकेदार दादांनी मात्र बिल बघून विचारलं, ‘कण्या आम्ही कोंबड्यांना टाकतो, त्याला तुम्ही पैसे घेता?’

त्यांचं बोलणं मी हसण्यावारी नेलं असतं, पण त्याच महिन्यात एक आजी आल्या. लेकीनं पुण्याहून आणलेल्या. त्यांनी सगळं ताट संपवलं, शीत न् शीत. मग माझा हात धरून म्हणाल्या, ‘चव हाय गं. पर बाहत्तरच्या दुष्काळात कण्यांवर दिस काढल्याती. माझ्या लेकराला ह्ये वाढू नको.’ लेक त्यांना ‘आई, असू दे’ म्हणत होती. मी आत आले तेव्हा काय सांगावं कळेना. मीठ कमी, तिखट जास्त, असं काही त्यात नव्हतं. त्या मतावर स्वयंपाकघरात करण्यासारखं काही नव्हतं, आणि तरी ते सांगितल्याशिवाय राहवलं नाही. चुलीपाशी सगळ्या थोड्या गप्प झाल्या. पदार्थ मेनूवर आहे, राहील. पण पन्नाशी-साठीच्या पुढची इथली माणसं बसली की मी तो आपणहून सुचवत नाही. त्यांनी मागितला तर वाढते.

या इंद्रायणीची कूळकथा मला एका कृषी सहायकांनी जेवताजेवता सांगितली. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झालेलं हे वाण १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती आलं. त्याचं एक बीज आपलं वासाचं आंबेमोहोर १५७, दुसरं आयआर-८. हे आयआर-८ फिलिपीन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं १९६६ साली दिलेलं, बुटक्या ताटाचं, भरघोस उताऱ्याचं वाण. युद्ध चालू असतानाच ते व्हिएतनाममधल्या मेकाँगच्या खोऱ्यात पेरलं गेलं, आणि पीक इतकं आलं की त्या पैशातून होंडा मोटारसायकली घेता येतात म्हणून तिथले शेतकरी त्याला होंडा भात म्हणायला लागले. माझ्या वडिलांच्या खाचरातली इंद्रायणी आणि त्या खोऱ्यातला भात यांचं असं नातं आहे, हे ऐकल्यावर मी त्या साहेबांना दुसरी कॉफी माझ्याकडून दिली.

आमच्या जेवणाला खरी दाद मिळाली ती पावसाळ्यात, खेकड्यांच्या रश्शाला. मॅडमनी एकदा वर्णन केलं की तिकडे खाचरातले छोटे खेकडे कवचासकट कुटतात, पाण्यात कालवून गाळतात, आणि ते पाणी मंद आचेवर ठेवलं की… पुढचं मी सांगितलं: मऊ गोळा वर तरंगून येतो, त्याला ढवळायचं नाही. वेल्ह्याला पहिल्या पावसात ओढ्याच्या आणि बांधाच्या खेकड्यांचं आई हेच करते. नांग्या, पाय पाट्यावर ठेचून, फडक्यातून गाळून. तिच्या रश्शात खोबरं आणि लाल तिखट, तिकडच्यात टोमॅटो आणि चिंच, खाली शेवया. आम्ही चिंच-टोमॅटोचा ठेवला. शहरातल्या काहींनी खेकडा दिसत नाही म्हणून शंका घेतली. ज्यांनी चाखला त्यांनी दुसरा वाडगा मागितला. इथल्या बायकांनी चवीला मान डोलावली आणि लगेच नियम घालून दिला, की पोटाखाली पिल्लं धरलेली मादी आणायची नाही, ती ओढ्यात सोडून द्यायची. आता खेकडे आणून देणाऱ्या पोरांना मी पाटी उलटी करून दाखवायला लावते. पाऊस ओसरला की रस्सा बंद. ‘परवा होता, आज का नाही?’ असं चिडून विचारणारे भेटतात. त्यांना ओढा दाखवते.

राहता राहिली ती तांदळाच्या पातळ कागदात गुंडाळलेली ताजी गुंडाळी, आत कोळंबी किंवा टोफू, शेवया, गाजर, पुदिना. यावर शहरी टेबलांवरचं ठरलेलं मत, ‘प्लॅस्टिकसारखं लागतं’, आणि ‘तळून मिळेल का?’ लहान मुलं बोटानं दाबून बघतात. सासूबाईंना, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, मी एकदा तो सुका कागद घरी नेऊन दाखवला. त्यांनी उजेडात धरला, कोपरा मोडला, जिभेवर ठेवला. ‘सालपापडी हाय. पर पीठ आंबवलेलं न्हाय, आन् तांदळात कायतरी भेसळ हाय.’ दोन्ही गोष्टी बरोबर. बाजारातल्या बऱ्याच कागदांत तांदळाबरोबर टॅपिओकाचं पीठ असतं, त्यानं तो चिवट राहतो आणि गुंडाळताना फाटत नाही. व्हिएतनामी गावांतही तांदळाचं पातळ पीठ वाफेवरच्या कापडावर पसरून, सोलून, बांबूच्या तट्ट्यांवर उन्हात वाळवतात. आमच्याकडे ते ताटलीवर किंवा पानावर पसरतात, उकडतात, सोलतात, चैत्र-वैशाखाच्या उन्हात वाळवतात. आणि वाळायच्या आधीची ओली सालपापडी, तेल-तिखट लावून खायला पोरं पातेल्याभोवती टपून असतात. ज्यानं ती खाल्लीय तो या कागदाला प्लॅस्टिक म्हणत नाही.

तेव्हापासून मेनू बदलायचा असला की मॅडम आधी एका मधल्या वारी दुपारी वाडीवरच्या बायकांना जेवायला बोलावतात. त्यांचं मत पुण्याच्या टेबलांच्या आधी घेतलं जातं. त्या चमचा बाजूला ठेवतात, हातानं खातात, आणि भिडेनं ‘छान’ म्हणत नाहीत. एकदा शेवया हाताला लागताच आत्यांनी सांगितलं, ‘ह्यो तांदूळ नवा हाय, अजून चिकाट हाय.’ पोत्यावरची तारीख बघितली तर तांदूळ त्याच दिवाळीचा होता. शेवयांना जुना, मोकळा शिजणारा तांदूळ लागतो. तेव्हापासून नवा माल वर्षभर बाजूला ठेवतो.

यंदाच्या उन्हाळ्यात कागद इथंच करून बघायचे ठरलेत. बायकांचा गट तयार आहे, गच्ची आहे, ऊन आहे. अडलंय ते तांदळावर. नुसत्या इंद्रायणीचा कागद चिकटतो, नुसत्या कोलमचा वाळल्यावर तडकतो. मॅडम म्हणतात साबुदाण्याचं पीठ मिसळू या, तिकडे टॅपिओका घालतात तेच ते. आत्यांना हे मान्य नाही. साबुदाणा उपासाचा, तो तांदळात गेला की सालपापडी राहत नाही, आणि पीठ नीट आंबवलं तर भेसळीची गरजच पडत नाही, असं त्यांचं ठाम मत आहे. आंबवलं तर चव आंबूस होईल आणि पुदिन्याशी भांडेल, असं मॅडमचं. मी आत्यांच्या बाजूची आहे, आणि ते मी मॅडमना सांगितलंय.